भांबळांच्या नावाचा स्वर

"ओहोळबाई, हे शांतवन भांबळ म्हणजे आपल्या गायन मंडळातले भांबळ तर नव्हेत?"

पाळकसाहेब स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लढाईत पडलेल्या शिपायांच्या नावांचा संगमरवरी दगड आहे, तो ते स्वतः पुसत होते. मी ऑर्गनवर बसून एका अडून बसलेल्या पट्टीशी झगडत होते. सहामाही परीक्षेचे पेपर घरी पडले होते, पट्टी वर यायचं नाव घेत नव्हती आणि त्यात हा प्रश्न.

"तेच," मी म्हणाले.

"पण ते जिवंत आहेत!"

"हो. परवाच सरावाला आले होते. दुसऱ्या कडव्यात घाई केली म्हणून माझी बोलणीही खाऊन गेले."

पाळकसाहेब स्टुलावरून उतरले. रेव्हरंड अनुग्रह पारखे आमच्या कँपातल्या चर्चमध्ये जूनमध्येच आले होते. वय तिशीच्या आत, डोळे मोठे, मन साफ आणि आजूबाजूचं सगळंही साफ असावं असा आग्रह. आल्या आल्या त्यांनी घंटेची दोरी बदलली, गीतांची फाटकी पुस्तकं बांधून घेतली, आवारातल्या चिंचेखाली बसणारी कुत्रीसुद्धा हाकलली. कुत्री परत आली, ती गोष्ट वेगळी.

"म्हणजे दर वर्षी स्मरणाच्या रविवारी मृतांमध्ये यांचं नाव वाचलं जातं, आणि हे समोर बसून ऐकतात?"

"समोर नाही, माझ्या उजव्या हाताला. पुरुषांच्या ओळीत शेवटी."

"आणि कुणाला काहीच वाटत नाही?"

कुणाला काही वाटायचं राहिलं नव्हतं हे खरं. आमच्या चर्चच्या पंचांमध्ये या गोष्टीचा एक कायमचा विनोद होता. लढाई संपली तेव्हा दगड कोरून घेतला, तो भिंतीत बसवला आणि मग भांबळ आले चालत. आता दगडावरचं अक्षर पुसायचं म्हणजे सगळा दगडच तासावा लागेल, त्यापेक्षा भांबळांनीच थोडं सांभाळून घ्यावं. स्मरणाच्या रविवारी उपासनेनंतर चहा असायचा, तेव्हा कुणीतरी हटकून म्हणायचं, "अहो, मयताला आधी कप द्या." भांबळकाका हसायचे आणि कप घ्यायचे. पलटणीच्या कागदावर ते जिवंत होते, पेन्शन खात होते. मेलेले होते ते फक्त या भिंतीवर.

आमच्या त्या उपासनेची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पाळक दगडावरचं एकेक नाव मोठ्यानं वाचतात, अगदी पलटणीत हजेरी घेतात तसं. ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं माणूस बाकावरून उठतं आणि म्हणतं, "हजर." आई असेल, भाऊ असेल, आता बहुतेक पुतणे आणि नातवंडंच. एवढा एक शब्द बोलून ते माणूस खाली बसतं. आणि ज्याच्या मागे कुणीच उरलेलं नाही त्याच्यासाठी ऑर्गन उत्तर देतो. खालचा एक स्वर, लांब, एकटा. मग पुढचं नाव. सगळी नावं झाली की छावणीतून आलेला शिपाई दारात उभा राहून बिगुल वाजवतो, मौन होतं, आणि पुन्हा बिगुल.

ऑर्गन मला ताराबाई ससाण्यांनी शिकवला. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून बेवारशी नावं पाठ करून घेतली. भांबळांचं नाव आलं तेव्हा मी हसले होते.

"यांना कशाला स्वर? हे तर इथं बसतात."

"बसू देत. तू स्वर द्यायचा. मेलेला माणूस स्वतःची हजेरी देत नसतो."

"पण का?"

"नलिनी, ऑर्गन वाजवणाऱ्यानं प्रश्न वाजवायचे नसतात," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी तो स्वर देत होते. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची, शिक्षिकांच्या चाळीतल्या एका खोलीत राहायची, लग्न केलेलं नव्हतं आणि आईवडील दोघंही गेलेले. एरवी त्याचं मला काही वाटायचं नाही. पण स्मरणाच्या रविवारी घरी येऊन कुलूप उघडताना हमखास वाटायचं, की आपण एवढ्या बेवारशांसाठी उत्तर देतो, आपल्या नावाला कोण देणार? मग मी स्टोव्ह पेटवून चहा टाकायची. भांबळकाकाही बेकरीमागच्या त्यांच्या एकट्याच्या खोलीत असंच काहीतरी करत असतील, हे मला ठाऊक होतं.

"हा अन्याय आहे," पाळकसाहेब दगडाकडे बघत म्हणाले. "देवानं ज्याला परत आणलं त्याला आपण दर वर्षी पुरतो आहोत. यंदा हे नाव वाचायचं नाही. उलट त्यांना वेदीपुढे बोलवायचं आणि सगळ्या मंडळीनं आभाराची प्रार्थना करायची. दगडावर पितळेची पट्टी बसवू."

मला ते वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एक बेवारशी कमी झाला, एवढंच मनात आलं, आणि मी पुन्हा पट्टीकडे वळले.

स्मरणाच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी सरावाला मंडळी जमली तेव्हा आमचं मासिक वाटून झालं होतं. हे मासिक आमच्या सगळ्या मंडळ्यांमध्ये जातं, लांबच्यांना टपालानं आधीच, पार मराठवाड्यापर्यंत. पाळकसाहेबांनी त्यात निवेदन दिलं होतं आणि ते पहिल्याच पानावर आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मृत समजले गेलेले आपल्या मंडळीचे सभासद श्री. शांतवन भांबळ हे देवाच्या कृपेनं हयात असून, येत्या स्मरणाच्या रविवारी त्यांच्यासाठी आभाराची उपासना होईल. सर्वांना अगत्याचं आमंत्रण.

"काका, आता चहाचा कप शेवटी मिळणार तुम्हाला," गायन मंडळातलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

भांबळकाका हसले नाहीत. त्यांनी मासिक हातात घेतलं, वाचलं, आणि परत एकदा वाचलं. मग घडी करून बाकावर ठेवलं. आमच्या मंडळात खालच्या पट्टीत गाणारे ते एकटेच. त्या संध्याकाळी ते उभे राहिले, पुस्तक उघडलं, पण आवाज काही लागेना. मी दोनदा थांबले. शेवटी मीच म्हणाले, "आज पुरे." सगळे गेले तरी ते बाकावर बसून होते.

"बाई, पाळकसाहेबांना सांगाल का? माझं नाव वाचू द्या म्हणावं. दर वर्षीसारखं."

"का हो काका? ते चांगलंच करताहेत की. तुम्हाला संकोच वाटतो का सगळ्यांपुढे जायला?"

"संकोच नाही." ते ओंजळीत टोपी फिरवत राहिले. "माझं पुरं नाव वर्षात एकदाच कुणीतरी घेतं. सवय झाली त्याची."

हे सगळं नव्हतं, एवढं मला कळत होतं. सवय मोडली म्हणून कुणाचा आवाज असा जात नाही.

"उद्या सकाळी दोघं जाऊ त्यांच्याकडे," मी म्हणाले.

शनिवारी आम्ही पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. पाळकसाहेबांनी काकांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाळकबाईंनी पोहे आणले. काकांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच नाही म्हटलं.

"काका, तुमची नम्रता मला कळते. पण मी वेदीपुढे उभा राहून जिवंत माणसाला मेलेला म्हणू? तेही माहीत असून?"

"आधीचे पाळक म्हणायचे," मी मध्ये पडले.

"त्यांचा हिशेब ते देतील. मी नाही वाचणार."

"पण ज्याचं नाव आहे तोच सांगतोय ना, वाचा म्हणून!"

"ओहोळबाई, कारण सांगा. कारण असेल तर मी ऐकेन. सवय हे कारण नाही."

कारण मलाही माहीत नव्हतं. काका खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसले होते. साठी उलटलेला, ताठ पाठीचा माणूस, आणि बसला होता शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला एकदम संताप आला. कुणाचा ते नीट सांगता यायचं नाही.

"मग उद्या ऑर्गन वाजणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी येणार नाही. तुम्ही आभाराची प्रार्थना खुशाल करा. गाणी तोंडानं म्हणा."

"बाई! ब्रिगेडियरसाहेब येणार आहेत!"

"त्यांना सांगा, बाईंना ताप आला."

आयुष्यात मी कुणाला अशी धमकी दिली नव्हती. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. काकांनी बशी खाली ठेवली.

"थांबा बाई. माझ्यापायी तुम्ही दोघांनी वाकडं घेऊ नका." त्यांनी दाराकडे बघितलं. पाळकबाई आत गेल्या होत्या. "सांगतो. पण हे या खोलीबाहेर जायला नको."

ते सांगू लागले, ते तुकड्यातुकड्यानं.

"लग्न झालं आणि आम्ही इथं आलो. पलटणीच्या लाइनीत खोली होती. ती पण गायची. रिबका नाव तिचं. रविवारी दोघं इथंच, ताराबाईंच्या ऑर्गनपाशी. किती दिवस? मोजायलाही पुरायचे नाहीत. मग पलटण बोटीवर चढली. सिंगापूर पडलं तिथं आम्ही धरले गेलो. जपान्यांनी कोणत्या बेटावर नेऊन टाकलं, ते आमचं आम्हाला कळत नव्हतं. घरी कुणी काय कळवणार? इकडं तार आली, मेला म्हणून. ती माहेरी गेली. माहेर तिचं जालन्याकडं. तेव्हा तो निजामाचा मुलूख, कागदपत्र सुद्धा धड जायचं नाही."

"मग?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मग सुटलो, आलो. कँपात उतरलो ते सरळ चर्चमध्ये. म्हटलं, रिबका कुठं आहे ते पाळकांना ठाऊक असेल. तर समोर हा दगड. त्यावर माझं नाव. पाळकांनी मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, भांबळ, तिचं लग्न लागलं. तिकडच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर आहेत, मकासरे. भला माणूस. आणि म्हणाले, ती पोटुशी आहे."

काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी जिवंत आहे म्हटलं, की तिचं लग्न खोटं ठरतं, साहेब. पोटातल्या पोराला काय म्हणायचं मग लोकांनी? मी त्या दिवशी चर्चमध्ये संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. मग म्हटलं, राहू द्या दगड. भिंतीवर एक नाव जास्त राहिलं तर काय बिघडतं? पाळक, ताराबाई आणि मी. तिघांपलीकडं गेलं नाही. ते दोघं तर गेले."

"आणि त्यांना? रिबकाबाईंना?"

"तिला मी मेलोच आहे. यजमान आहेत तिचे अजून, नातवंडं आहेत. जालन्याचं कुणी आलं की मी आडून आडून विचारतो." काकांनी खिशातून घडी केलेलं मासिक काढून टेबलावर ठेवलं. "हे जालन्याला पण जातं, साहेब."

पाळकसाहेब मासिकाकडे बघत राहिले. एवढा गोरामोमटा माणूस, पण कानापर्यंत काळवंडला. ज्या गोष्टीचा त्यांना इतके दिवस अभिमान होता ती आता त्यांच्या पुढ्यात पडली होती आणि उचलून परत घेता येत नव्हती.

"मी काय केलं हे," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं."

"मी नाव वाचतो. जसं आहे तसं. आभार वगैरे काही नाही. पण उद्या त्या आल्या तर? किंवा त्यांच्याकडचं कुणी आलं, आणि मला विचारलं? मी खोटं बोलू?"

"बोलू नका," मी म्हणाले. "गप्प राहा. उद्याच्या उपासनेत गप्प राहण्याची सोय आहेच."

"आणि काका, तुम्ही उद्या घरीच थांबा."

"ते जमणार नाही," भांबळकाका उठत म्हणाले. "आजवर माझ्या नावाला मी नाही असं कधी झालं नाही."

शेवटी असं ठरलं की त्यांनी ऑर्गनच्या मागे बसायचं. ऑर्गन आणि भिंत यांच्यामध्ये जुनी गीतपुस्तकं ठेवायची जागा आहे, तिथं एक स्टूल मावतं. मंडळीतून तिथलं काही दिसत नाही. मी एकच अट घातली, तोंडातून आवाज काढायचा नाही. ते हो म्हणाले.

रविवारी ऊन चांगलं होतं. वेदीच्या पायऱ्यांवर शेवंतीची चक्रं ठेवलेली. ब्रिगेडियरसाहेब पहिल्या बाकावर, छातीवर पदकं. ऑर्गनच्या वर, डोळ्यांच्या उंचीला एक छोटा आरसा असतो. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे असते, म्हणून वेदीवर आणि बाकांवर काय चाललंय ते त्यातून बघायचं. मी उपासनेच्या आधीपासून त्या आरशातच बघत होते. अनोळखी असं कुणी नव्हतं. पहिली प्रार्थना झाली, शास्त्रवाचन झालं. मला हायसं वाटलं.

आणि मग मागचं दार किलकिलं झालं. एक बाई आत आली. पांढरं पातळ, काठ तपकिरी, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. प्रवासानं चेहरा सुकलेला. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर, खिडकीखाली ती बसली आणि पिशवीतून मासिकाची गुंडाळी काढून तिनं मांडीवर धरली. मग ती पुरुषांच्या बाजूचा एकेक बाक बघू लागली. एकेक चेहरा. म्हातारे दिसले की थोडी थांबायची, पुढे जायची. गायन मंडळापर्यंत आली, शेवटच्या रिकाम्या जागेपर्यंत. मग तिनं मान खाली घातली.

ती मान खाली गेली तेव्हा मला वाटलं, सुटलो. आणि पुढच्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की माझी बोटं पुस्तकातला सूर विसरली.

नावांच्या आधीचं गीत सुरू झालं. हे गीत आमच्याकडे दर वर्षी तेच असतं, ताराबाईंच्याही आधीपासून. काकांच्या आवाजाशिवाय मंडळाचं गाणं बूड नसलेल्या भांड्यासारखं डगमगत होतं. मी डाव्या हातानं खालचे स्वर जोरात धरले. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं.

दुसऱ्या कडव्याला माझ्यासमोरच्या लाकडामागून आवाज आला.

आधी पुटपुटल्यासारखा. मग तो उघडला. खालच्या पट्टीतला, रुंद, थोडा घोगरा आवाज, आणि नेहमीसारखा तालाच्या अर्धं पाऊल पुढे. मी पाय दाबून वारा वाढवला, त्या आवाजावर ऑर्गन घालायला बघितलं, पण तो काही झाकला जाईना. गायन मंडळातल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी आरशात पाहिलं.

तिची मान वर आली होती. ती इकडेतिकडे कुठेही बघत नव्हती, सरळ ऑर्गनकडे बघत होती. ती ते गीत गात नव्हती. पदराचं टोक तिनं तोंडाशी धरलं होतं आणि गीत संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

पाळकसाहेब नावं वाचायला उभे राहिले. त्यांनाही तो आवाज ऐकू गेला होता, ती बाईही दिसली होती. पहिलं नाव. "हजर," एक नातू म्हणाला. दुसरं नाव बेवारशी, मी स्वर दिला. तिसऱ्याला एक म्हातारी बहीण होती, तिला उठायला वेळ लागला, सगळे थांबले. मग पाळकसाहेबांनी एक श्वास घेतला.

"शांतवन भांबळ."

माझं बोट त्या खालच्या पट्टीवर होतं. इतकी वर्षं ते नाव आणि तो स्वर यांच्यामध्ये मी कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण आरशात शेवटच्या बाकावर पांढरं पातळ हललं.

ती उठून उभी राहिली होती. पिशवी खांद्याला, मासिक हातात.

"हजर," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण आमचं चर्च दगडी आहे, त्यात हळू बोललेलंही पोचतं. पंचांपैकी दोघांनी वळून पाहिलं. ब्रिगेडियरसाहेबांना यातलं काय कळणार, ते समोर बघत होते. पाळकसाहेबांची ओळ हरवली, त्यांनी कागदावर बोट ठेवून ती शोधली आणि पुढचं नाव वाचलं. ती खाली बसली. मी पट्टीवरचं बोट उचललं.

मग दारात बिगुल वाजला आणि मौन सुरू झालं. सगळं चर्च उभं. मौनात मंडळीला बाहेरच्या झाडांवरचे पक्षी ऐकू येत असतील. मला फक्त लाकडापलीकडचा एक माणूस ऐकू येत होता. नाकातून श्वास आत घेत होता, तोंडातून सोडत होता, आणि त्याचा आवाज होऊ नये म्हणून धडपडत होता.

आशीर्वचन झालं तसं मी शेवटचं गीत अर्ध्यातच गुंडाळलं आणि बाजूच्या दारानं बाहेर धावले. चिंचेखाली चहाची गडबड चालली होती. ती तिकडे गेलीच नव्हती. फाटकाशी टांगेवाल्याला हात करत उभी होती.

"ऑर्गन तुम्हीच वाजवला का?" तिनं मला विचारलं.

"हो."

"माझ्या वेळी ताराबाई असायच्या."

"त्या गेल्या. चार वर्षं झाली."

"अगं बाई." तिनं चर्चकडे वळून पाहिलं. "तो खालचा आवाज कुणाचा होता?"

काय उत्तर द्यायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"आमच्या मंडळातल्या एकांचा," मी म्हणाले.

"एकटे असतात?"

"हो."

"जेवणाखाण्याचं कोण बघतं?"

"स्वतःच करतात. बरं करतात."

तिनं मान हलवली. टांगा येऊन उभा राहिला होता. मला राहवलं नाही. "आत येता का? चहा तरी घ्या. मी... मी भेट घालून देते."

"नको, बाई." तिनं मासिक पिशवीच्या तळाशी कोंबलं. "घरी आमचे हे वाट बघत असतील. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना आताशा. महिला मंडळाच्या सभेला म्हणून आलेय मी. आत आले तर मग जाणं होणार नाही." ती टांग्यात चढली, पदर सारखा केला आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते पण तोंडावर जरासं हसूही होतं. "त्यांना एवढंच सांगा, दुसऱ्या कडव्यात अजून घाई करतात म्हणावं."

टांगा स्टँडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकात उभी होते.

आत चर्च रिकामं झालं होतं. भांबळकाका ऑर्गनच्या मागे तसेच बसले होते, मांडीवर दोन जुनी पुस्तकं घेऊन, जणू तीच आवरायला आले होते.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेल्या. काका, तुम्ही गाणार नाही म्हणाला होतात."

"पहिलं कडवं नाहीच गायलो. दुसऱ्याला तोंड आपोआप उघडलं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चुकलं का?"

मी त्यांना तिचा निरोप सांगितला. जसा दिला होता तसाच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. ते हसायला लागले. अगदी मोकळे हसले, मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "तेव्हा पण हेच म्हणायची," ते म्हणाले. "कोपरानं ढोसायची मला, इथं, बरगडीत." बोलता बोलता त्यांनी तिथं हात ठेवला आणि मग हसणं बिघडलं. मी पाठ फिरवून ऑर्गनचं झाकण लावत बसले. एवढंच माझ्या हातात होतं.

बऱ्याच वेळानं ते उठले, पुस्तकं जागेवर ठेवली आणि टोपी घातली. दारापर्यंत जाऊन परत आले.

"बाई, पुढच्या वर्षीपासून तो स्वर देऊ नका."

"का?"

"तो ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी असतो ना? माझ्या नावाला माणूस आहे."

पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती पुन्हा कधीच आली नाही. काका माझ्या उजव्या हाताला उभे असायचे, दुसऱ्या कडव्यात घाई करायचे आणि मी त्यांना बोलायचं सोडून दिलं होतं. पाळकसाहेब त्यांचं नाव वाचायचे, कुणी उठायचं नाही, ऑर्गन वाजायचा नाही, आणि त्या रिकाम्या जागेत काका शेवटच्या बाकाकडे बघत ताठ उभे राहायचे. मग एका पावसाळ्यात ते खरोखरच गेले. त्यांच्या खोलीचं कुलूप पाळकसाहेबांनी आणि मी मिळून लावलं.

आता पारखे पाळकही निवृत्त झाले, आणि माझी बोटंही ताराबाईंसारखी वाकायला लागली आहेत. पण स्मरणाच्या रविवारी अजून मीच वाजवते. ते नाव आलं की मी दोन्ही हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवते. मंडळातली नवी मुलं एकमेकांना खुणावतात, बाई विसरल्या वाटतं. परवा एकीनं धीर करून मला विचारलंसुद्धा, "बाई, तिथं स्वर द्यायचा राहिला का?"

"राहिला नाही," मी म्हणाले. "त्यांच्या नावाला माणूस आहे."